नकाशावर आधी वाट काढा

मोठ्या शहरांच्या वेशीवरच्या जमिनीचे आराखडे आखणाऱ्या सर्व नियोजनकारांना,

सप्रेम नमस्कार.

मी शहरात राहते, शहरातच नोकरी करते आणि महिन्यातून किमान एका रविवारी शहराबाहेर दिवसभर चालते. शिखरं सर करण्याची मला हौस नाही. सकाळची पहिली गाडी पकडायची, शेवटच्या थांब्यावर उतरायचं, पायवाटेने पंधरा-सोळा किलोमीटर चालायचं आणि संध्याकाळी दुसऱ्याच एखाद्या थांब्यावरून घरी परतायचं, एवढाच माझा नेम. माझ्या शहराचं नाव या पत्रात मुद्दाम घातलेलं नाही. ते घातलं तर पत्र एका कार्यालयाच्या टपालात जाऊन पडेल आणि बाकीच्यांना वाटेल, हे आपल्यासाठी नाही. ज्या ज्या शहराची हद्द दर काही वर्षांनी पुढे सरकते, त्या प्रत्येक शहरात नकाशासमोर बसणाऱ्यासाठी हे पत्र आहे.

माझी एक नेहमीची वाट होती. थांब्यावरून उतरलं की दहा मिनिटं ती वस्तीतून जायची, मग ओढ्याच्या काठाने, मग दोन शेतांमधल्या बांधावरून. पुढे माळ चढून ती टेकडीच्या एका सोंडेमागे वळायची. त्या वळणावर शहराचा आवाज तुटायचा. हळूहळू विरायचा नाही, तुटायचा. एका पावलाला हमरस्त्याची घरघर कानात असायची आणि वीसेक पावलं पुढे गेलं की आपल्याच बुटांखालची खडी वाजताना ऐकू यायची. कित्येकदा मी तिथे पोहोचून नुसती उभी राहिले आहे. आठवडाभर खांदे किती आखडून धरले होते, ते तिथे कळायचं, कारण तिथे ते आपोआप खाली यायचे.

गेल्या महिन्यात त्या वळणाच्या अलीकडे पत्र्याचं कुंपण उभं होतं. वाट सरळ त्या पत्र्याखाली शिरली होती. पत्रा आणि जमीन यांमध्ये वीतभर फट होती आणि त्या फटीतून पलीकडे गेलेली, पावलांनी घासून गुळगुळीत झालेली ती पट्टी मला स्पष्ट दिसत होती. शेजारच्या शेतात एक म्हातारे गृहस्थ काम करत होते. आता पलीकडे जायचं कसं, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही रविवारच्या. मला रोज जायचं असतं पलीकडे." एवढंच बोलून ते पुन्हा कामाला लागले. त्यांचं अर्धं शेत कुंपणापलीकडे होतं.

त्या दिवशी मी अडीच किलोमीटर हमरस्त्याच्या कडेने चालले. डाव्या हाताला नाला, उजव्या हाताला ट्रक. नंतर संबंधित कार्यालयात जाऊन चौकशी केली, तेव्हा माझ्याशी नीट बोलले. उत्तर मात्र असं मिळालं: तिथे वाट होती, असं आमच्या कुठल्याही नकाशात नाही.

ते खरं बोलत होते. मीही तो नकाशा पाहिला. त्यात रस्ते होते, विजेच्या उच्चदाब तारांचे मार्ग होते, जलवाहिनी होती, पिवळे, हिरवे, जांभळे वापराचे पट्टे होते. वाटेच्या जागी नुसता रंग भरलेला होता. जी वाट कागदावर कधी नव्हतीच, ती कुणी बंद केली असं तरी कसं म्हणायचं? आपल्या भाषेत वहिवाट हा शब्द आहे. लोक वर्षानुवर्षं जिथून गेले तिथून जाण्याचा त्यांना हक्क असतो, हे त्या एका शब्दात आलं. पण वहिवाट सिद्ध करायला साक्षीदार लागतात, कागद लागतात आणि वर्षं जातात. पत्र्याचं कुंपण एका दुपारी उभं राहतं.

म्हणून माझी मागणी एकच आहे. आराखड्याचा पहिला रस्ता आखण्यापूर्वी त्या जमिनीवर आज ज्या वाटा चालत्या आहेत, त्या आधी नकाशावर काढा. पुढचं सगळं या मागणीच्या पोटातलंच आहे.

वाटा दुष्टपणाने मरत नाहीत, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे. नवा बाह्यवळण रस्ता येतो, त्याला दुभाजक असतो आणि वाट जिथे रस्ता ओलांडायची तिथे आता कठडा असतो. ओढा काँक्रीटच्या नाल्यात बसवला जातो आणि ज्या चार दगडांवरून लोक पलीकडे जायचे ते दगड उचलले जातात. एखादी वसाहत आपली भिंत बांधते. यातल्या कुणालाही वाट मोडायची नसते. पण दहा किलोमीटरच्या वाटेला मारायला दोनशे मीटरची अडवणूक पुरते. मधलं कडं निखळलं की दोन्ही बाजूंचे तुकडे माणसं सोडून देतात, दोन पावसाळ्यांत गवत वाढतं आणि तिसऱ्या वर्षी कुणीही शपथेवर सांगू शकतं की इथे वाट नव्हती. तुमच्या नकाशावर रस्त्याची रेघ मध्येच तुटलेली तुम्ही कधी खपवून घ्याल का? वाटेलाही तेवढंच अखंडपण लागतं.

स्वित्झर्लंडमध्ये हा प्रश्न फार पूर्वी आला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला योहान याकोब एस नावाचे एक शिक्षक मुलांची सहल घेऊन क्लाउझेन खिंडीतून चालले होते. खिंडीतला रस्ता मोटारींनी बळकावला होता. धूळ उडवत गाड्या जात होत्या आणि मुलांना सारखं कडेला उड्या मारून जीव सांभाळावा लागत होता. चालणाऱ्यांना स्वतःच्या वेगळ्या वाटा हव्यात, हे एस यांच्या मनाने तिथे घेतलं. १९३४ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी ओटो बिंडर यांच्याबरोबर पायवाटांसाठी देशव्यापी संघटना उभी केली आणि पिवळ्या पाट्या लागू लागल्या. आज त्या देशात खुणा केलेल्या चालवाटा ६५ हजार किलोमीटरच्या आसपास आहेत.

पण मला तुम्हाला सांगायचं आहे ते पाट्यांबद्दल नाही. १९७९ साली तिथल्या मतदारांनी सार्वमतात पायवाटा आणि चालवाटा थेट राज्यघटनेत घातल्या. त्यावर १९८५ मध्ये कायदा झाला. त्या कायद्याप्रमाणे वाटांचे आराखडे करावे लागतात, ते वेळोवेळी तपासावे लागतात आणि आराखड्यातली वाट बंद पडली तर तिच्या बदल्यात दुसरी द्यावी लागते. बंद पडली म्हणजे काय, तेही कायद्याने सांगून ठेवलं आहे. ती खोदली गेली किंवा तुटली तर बंद पडलीच. पण तिच्या मोठ्या टप्प्यावर वाहनांची वर्दळ सुरू झाली, किंवा चालणाऱ्याला नकोसा असा पृष्ठभाग तिच्यावर घातला, तरीही ती बदलून द्यावी लागते. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा दोनदा वाचलं. वाटेवर डांबर ओतलं तर ती वाट गेली, हे एका कायद्याला कळलेलं आहे. आपल्याकडे मात्र वाटेवर डांबर पडलं की तिचा विकास झाला असं मोजलं जातं.

इंग्लंडची गोष्ट जास्त भांडणाची आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातले शेकडो तरुण कामगार किंडर स्काउट या पठारावर मुद्दाम, मनाई मोडून चढले. शिकारीसाठी राखलेली ती जमीन होती. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन तेव्हा २० वर्षांचा होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागात प्रवेशाचा कायदा आला आणि त्याच कायद्याने स्थानिक कार्यालयांवर वाटांचे अधिकृत नकाशे करण्याची जबाबदारी टाकली. त्या नकाशावर जी वाट आली ती कायद्याने सार्वजनिक ठरते. जमीन विकली गेली, मालक बदलला, तरी वाट राहते. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा नोंदलेल्या वाटा सुमारे २ लाख २५ हजार किलोमीटर आहेत.

आणि तरीही केवढं निसटलं ते पाहा. २०२० मध्ये तिथल्या चालणाऱ्यांच्या जुन्या संघटनेने हजारो स्वयंसेवकांना शंभर वर्षांपूर्वीचे नकाशे आणि आजचे नकाशे शेजारी शेजारी ठेवून तपासायला सांगितलं. नोंदीतून सुटलेल्या सुमारे ४९ हजार मैल वाटा निघाल्या. जिथे कायदा आहे, नकाशे आहेत, भांडणारी माणसं आहेत, तिथली ही गत. जिथे यातलं काहीच नाही तिथे काय काय गेलं असेल, हे शोधायला जुना नकाशाही हाताशी नसेल.

आता शांततेबद्दल, कारण माझ्या मते वाटेचा अर्धा जीव त्यात असतो आणि आराखड्यात तिला कुणी जागा देत नाही. शांतता मोजता येते आणि आखताही येते. एका जागी चालणारं यंत्र घ्या. त्याच्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. पण रहदारीचा रस्ता म्हणजे एक बिंदू नसतो, ती आवाजाची रेघ असते. तिच्यापासून अंतर दुप्पट झालं तरी मोकळ्या जागेत आवाज उतरतो तो साधारण ३ डेसिबलनेच. म्हणजे शंभर मीटरवरून आठशे मीटरवर गेलात, तरी निव्वळ अंतराने मिळतात ९ डेसिबल. मऊ जमीन आणि गवत थोडी भर घालतात. म्हणून हमरस्त्याला समांतर, त्याच्यापासून अर्ध्या किलोमीटरवर आखलेला हिरवा पट्टा हिरवा असतो, पण शांत नसतो. उलट मध्ये टेकडीची सोंड आली, उंच बांध आला, ओढ्याची घळ आली आणि रस्ता नजरेआड झाला की आवाज एकदम खाली येतो. माझ्या वाटेच्या त्या वळणावर जे घडायचं ते हेच. पूर्वीच्या माणसांनी ती वाट शांततेसाठी तिथून नेली नव्हती. चढ सोपा होतो म्हणून ती सोंडेला वळसा घालून गेली. पण आज तुम्ही नवी वाट आखाल किंवा जुनी वळवाल, तेव्हा समोच्च रेषांचा नकाशा तुमच्यापुढे असतो. कुठून शहर दिसेनासं होतं, तेवढं त्यात पाहा. जिथून रस्ता दिसत नाही, तिथे तो बहुधा फारसा ऐकूही येत नाही.

ही शांतता केवळ माझ्यासारखीच्या सुखाची नाही. २०२० च्या वसंतात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातली रहदारी थांबली, तेव्हा एलिझाबेथ डेरीबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या डोक्याच्या चिमण्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि आधीच्या वर्षांतल्या मुद्रणांशी ताडून पाहिली. गोंगाट १९५० च्या दशकाइतका खाली आला होता. पक्षी हलक्या आवाजात गात होते आणि तरी त्यांचं गाणं आधीपेक्षा दुप्पटीहून लांब पोहोचत होतं. इतकी वर्षं ती चिमणी ओरडून बोलत होती. हे कळल्यापासून शहरालगतच्या प्रत्येक पक्ष्याकडे मी वेगळ्या कानाने लक्ष देते.

माणसांचंही असंच काहीसं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना ९० मिनिटं गवताळ, तुरळक झाडांच्या भागात चालवलं, तर काही जणांना वर्दळीच्या मोठ्या रस्त्याच्या कडेने. गवताळ भागात चालून आलेल्यांचं स्वतःविषयीचं नकारी विचारांचं दळण कमी झालं होतं आणि अशा दळणाशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली होती. रस्त्याच्या कडेने गेलेल्यांमध्ये हा फरक दिसला नाही. प्रयोग लहान होता, ३८ जणांचा. पण मी जेव्हा म्हणते की कुंपणाने माझ्याकडून वाट घेतली आणि बदल्यात हमरस्त्याची कड दिली, तेव्हा नेमकं काय गेलं हे त्या दोन रस्त्यांच्या तुलनेत दिसतं. किलोमीटर तेवढेच होते. चालणं तेवढंच झालं.

युरोपीय संघाच्या २००२ सालच्या गोंगाटविषयक निर्देशात 'शांत क्षेत्र' ही संकल्पना आहे, शहरातलीही आणि मोकळ्या मुलखातलीही. तैपेईला लागून असलेल्या यांगमिंगशान राष्ट्रीय उद्यानाला २०२० मध्ये जगातलं पहिलं 'शहरी शांत उद्यान' म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे मी काही स्वप्नातलं मागत नाही. वापराच्या पट्ट्यांना तुम्ही रंग देता, त्यात एक रंग शांततेचा असू द्या.

जमीन महाग आहे, शहराला घरं हवीत, पाणी हवं, असं तुम्ही म्हणाल. पाण्याचं म्हणत असाल, तर वाट पाण्याच्या बाजूची आहे. बर्लिनने १९१५ साली भोवतालचं सुमारे १० हजार हेक्टर जंगल विकत घेऊन ते कायम जंगलच ठेवण्याचा करार केला. शहराला भूजल राखायचं होतं आणि लोकांना फिरायला जागा हवी होती. ते जंगल आजही बर्लिनकरांच्या पायाखाली आहे. हाँगकाँगइतकी जमिनीची टंचाई क्वचितच कुठे असेल. तिथे १९७६ मध्ये ग्रामीण उद्यानांचा कायदा झाला, आज जवळपास ४० टक्के भूभाग संरक्षित आहे आणि त्यातला बराचसा जलाशयांच्या पाणलोटाचा आहे. १९७९ मध्ये तिथे शंभर किलोमीटरची मॅक्लेहोज वाट खुली झाली. ती दहा टप्प्यांत तोडलेली आहे, त्यामुळे सुट्टीच्या एका दिवसात एक टप्पा चालून माणूस संध्याकाळी घरी जातो. व्हिएन्नाचं जंगल १८७० च्या सुमारास लाकडासाठी विकायला निघालं होतं. योझेफ श्योफेल या पत्रकाराने वर्तमानपत्रांतून ते प्रकरण धसाला लावून विक्री थांबवली आणि १९०५ मध्ये शहराने भोवतालचा वन-कुरणांचा पट्टा राखण्याचा ठराव केला. त्या सभागृहात बसलेल्यांपैकी आज कुणीही हयात नाही. पट्टा आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. वाट राखा म्हटलं की पुढच्या अर्थसंकल्पात तिचं सुशोभीकरण येतं, ही माझी खरी भीती आहे. कृपा करून फरसबंदी करू नका. दिवे लावू नका, रात्रीचे कीटक आणि वटवाघळं त्या अंधारावर जगतात. कमानी, पुतळे, फोटो काढण्याचे ओटे, ध्वनिक्षेपक, यांतलं काहीही नको. चांगल्या वाटेला लागतं थोडंसंच. जिथे पाणी वाहून वाट खचते तिथे आडवे दगड टाकून पाणी बाजूला काढणारी चर, ओढ्यावर पाय ठेवायला पक्के दगड किंवा साधा साकव, फाटे फुटतात तिथे एक खूण. पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या जंगलात क्लोद-फ्रांस्वा देनकूर या नेपोलियनच्या सैन्यातून आलेल्या गृहस्थाने १८४० च्या दशकात झाडांवर आणि खडकांवर निळ्या रंगाच्या खुणा करून वाटा आखल्या. चालणाऱ्यांसाठी खुणा केलेल्या वाटा म्हणून जगातल्या सर्वांत जुन्या वाटांत त्यांची गणना होते. लागला तो रंगाचा एक डबा आणि एका माणसाची चिकाटी. १८४९ मध्ये तिथे रेल्वे पोहोचली आणि पॅरिसची माणसं एका दिवसात जाऊन येऊ लागली.

रेल्वेचा मुद्दा तुमच्या हातातला आहे. वाट एका थांब्यापासून सुरू होऊन दुसऱ्या थांब्यापाशी संपली, तर कुणाला गाडी न्यावी लागत नाही, वाहनतळ बांधावा लागत नाही आणि आल्या वाटेने परत जावं लागत नाही. मी बऱ्याचदा एकटी चालते, म्हणून हेही लिहिते. एकट्या बाईला दिव्यांच्या खांबांपेक्षा तीन गोष्टींनी धीर येतो: वाटेवर इतर माणसं भेटतात, पुढचा फाटा कुठे जातो ते ठाऊक असतं आणि शेवटची गाडी किती वाजता आहे ते पक्कं माहीत असतं. पाटीवर अंतराबरोबर वेळही लिहा. स्वित्झर्लंडच्या पाट्यांवर विश्रांती वगळून लागणारा वेळ असतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला आडाखा अजून बरोबर येतो: सपाटीवर तासाला साधारण ५ किलोमीटर आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास जास्त. माझा वेग आता त्याहून कमी झाला आहे, पण हिशेब त्यावरूनच करते.

आणि एकच वाट प्रसिद्ध करू नका. तोक्योपासून रेल्वेने तासाभरावर असलेला ताकाओ डोंगर ५९९ मीटरचा आहे आणि वर्षाला २५ लाखांहून जास्त माणसं तो चढतात. तिथे गर्दीतही शिस्त आहे, पण एवढ्या पावलांखाली शांतता उरेल कशी? वीस साध्या वाटा नकाशावर असल्या की कुठल्याच एका वाटेवर शहर लोटत नाही.

शेतकऱ्यांचं म्हणणं मी विसरलेले नाही. वाट कुणाच्या तरी शेतातूनच जाते. उघडं सोडलेलं फाटक, तुडवलेलं पीक, मोकळा सोडलेला कुत्रा, बांधावर टाकलेल्या बाटल्या. त्यांचा राग रास्त आहे आणि आम्हा चालणाऱ्यांपैकी काहींनी तो ओढवून घेतलेला आहे. पण त्यावर कुंपण हा तोडगा नाही, स्पष्ट नियम हा आहे. इंग्लंडच्या कायद्यात शेताच्या मधून जाणारी पायवाट शेतकऱ्याला नांगरता येते, पण चौदा दिवसांच्या आत तिची किमान एक मीटर रुंदीची पट्टी पुन्हा चालण्याजोगी करावी लागते. मालकाचं पीक राहतं आणि लोकांची वाट राहते. आपण वाट मोडली तर काय होईल आणि चालणाऱ्याने पीक मोडलं तर काय होईल, हे दोन्ही शेतकऱ्याला आधीपासून माहीत असतं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना फक्त एका सकाळी पत्रा दिसला.

नोंद कशी करायची, तेही लिहिते, कारण काम वाटतं तितकं मोठं नाही. उपग्रहाच्या छायाचित्रांत मळलेल्या वाटा दिसतात, विशेषतः पावसाळ्यानंतर गवत वाळतं तेव्हा. जुने मोजणीचे नकाशे तुमच्याच दप्तरात आहेत. पण या दोन्हींवर विसंबू नका, झाडीखालची वाट आकाशातून दिसत नाही. प्रत्येक वस्तीत जाऊन विचारा, शाळेत कुठून जाता, पाण्याला कुठून जाता, पलीकडच्या गावाला कुठून जाता. बायकांना विचारा, गुरं राखणाऱ्यांना विचारा. त्यांना सगळ्या वाटा माहीत असतात आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. आम्ही रविवारी चालणारे मोबाइलमध्ये नोंदवलेले आमचे माग फुकट देऊ. माझ्याकडे गेल्या अकरा वर्षांचे आहेत.

तुमच्यापैकी कुणीही, पदाने कितीही मोठं असो, आराखड्यावर सही करण्याआधी एक दिवस चालून पाहा. वाहन शेवटच्या थांब्यावर सोडून द्या. पाणी दोन बाटल्या घ्या, वाटेत मिळेलच असं नाही. जमीन ओली असेल तर जुने बूट घाला. नकाशावर जिथे नुसता रंग आहे तिथून चाला आणि जिथे कुणी वाट ओलांडताना भेटेल तिथे कागदावर पेन्सिलने एक टिंब काढा. संध्याकाळी ती टिंबं जोडा.

मी बरोबर यायला तयार आहे. येत्या कुठल्याही रविवारी, पहिल्या गाडीने. त्या कुंपणाजवळून सुरुवात करू. पलीकडची वाट अजून बुजलेली नाही, फटीतून दिसते.

आपली,
शहराबाहेर पायी चालणारी एक नागरिक